टर्बो बसवू की इंजिनच बदलू?

२०२० ते २०२२ या काळात चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन पोलो दोन पेट्रोल इंजिनांत मिळायची. दोन्ही तीन सिलिंडरची, दोन्ही ९९९ सीसीची, एकाच घराण्यातली. त्यातलं एमपीआय, म्हणजे बिनटर्बोचं, ७६ पीएस ताकद आणि ९५ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं. टीएसआय, म्हणजे टर्बोवाल्याची, ताकद ११० पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. सीसी तेवढीच, पण गाडी ओढायचा जोर जवळजवळ दुप्पट.

हा फरक मुख्यतः टर्बोने होतो, हे एकदा कळलं की एमपीआयवाल्याच्या डोक्यात दोन विचार येतात. एक, आपल्याच इंजिनावर टर्बो चढवावा. दोन, आहे ते इंजिन उतरवून टीएसआयच बसवावं. पोलो हे फक्त उदाहरण. स्विफ्टवाले, जुन्या सिटीवाले, जिप्सीवाले सगळे हेच विचारतात, कारण आता शोरूममध्ये छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं जागोजागी दिसतात आणि आपली साधी गाडी घाटात अचानक मंद वाटायला लागते.

माझं मत आधीच सांगतो. दोन्ही कामं होण्यासारखी आहेत, पण टर्बो किंवा दुसरं इंजिन मिळवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसा, वेळ आणि मनस्ताप जातो तो बाकीच्या गोष्टींवर. त्या बाकीच्या गोष्टी कोणत्या, ते समजून घेऊ.

इंजिनाला कमी पडते ती हवा

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळपास नऊ हजार लिटर हवा. पेट्रोल जास्त सोडणं अगदी सोपं आहे, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. पण त्याच्या जोडीला तेवढी हवा सिलिंडरमध्ये कोंबणं अवघड, आणि हवेविना जास्तीचं पेट्रोल नुसतं काळा धूर होऊन जातं.

साध्या इंजिनात पिस्टन खाली गेला की आत पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. याला नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन म्हणतात. मी पुढे ‘साधं इंजिन’ एवढंच म्हणेन. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण एक बार असतो, त्यामुळे अशा इंजिनाला हवा मिळते ती तेवढ्याच दाबाची. महाबळेश्वरला, १,३५० मीटरच्या वर, ती सुमारे १५ टक्के विरळ होते. लेहला तर एक तृतीयांशाने. तिथे साधं इंजिन दमतं ते त्याच्या नशिबात तेवढीच हवा आहे म्हणून.

टर्बो करतो काय

चुलीत लाकडं भरपूर आहेत, पण आच धरत नाही, तेव्हा आपण फुंकणी घेतो. टर्बो ही इंजिनाची फुंकणी आहे. फरक इतकाच की ती फुंकायला वेगळा दम लागत नाही, इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायूच ती फुंकतो.

गोगलगाईच्या शंखासारख्या दोन डब्या पाठीला पाठ लावून ठेवल्यात अशी कल्पना करा. एक बिडाची, तिच्यातून सायलेन्सरकडे जाणारा तापलेला वायू जातो आणि आतलं चाक फिरवतो. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यातलं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबाने सोडतं. दोन्ही चाकं करंगळीहून बारीक अशा एकाच दांड्यावर. तो दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, काही छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही वर जातो, आणि त्याला आधार असतो फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. ही कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन विमानाचं इंजिन टर्बो लावून तपासलं गेलं. उंचीवरच्या विरळ हवेवर तो उपाय होता.

टर्बो वातावरणाच्या वर जो जास्तीचा दाब देतो त्याला बूस्ट म्हणतात. अर्धा बार बूस्ट म्हणजे एकऐवजी दीड बार दाबाची हवा. कागदावर हिशेब सोपा दिसतो: हवा दीडपट, म्हणून ताकद दीडपट.

मग अडचण कुठे आहे?

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याची नळी गरम लागते ते यामुळेच. ३० अंशांची हवा साध्या टर्बोने अर्धा बार दाबली तर ती ८५-९० अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे कमवलेलं निम्मं तिथेच गळतं. म्हणून मध्ये इंटरकूलर लावतात. तो म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर.

पण खरा धोका पुढे आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. मिश्रण किती पट दाबलं जातं त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. आजच्या साध्या पेट्रोल इंजिनांत तो दहा ते अकराच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. हा आकडा ठरवताना आत एक बारचीच हवा येणार हे गृहीत धरलेलं असतं. त्याच इंजिनात आधीच दाबलेली, आधीच तापलेली हवा सोडली की शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण आग पोचायच्या आधीच स्वतःहून भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. जुन्या गाडीत चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर जी खडखड ऐकू यायची, ती हीच. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची त्या पेट्रोलची क्षमता.

नॉकिंगने मेलेला पिस्टन कधी गॅरेजच्या टेबलावर दिसला तर हातात घेऊन बघा. वरून तो धडधाकट दिसतो. बोट पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या पट्टीवरून फिरवलं की एका जागी नख अडकतं. तिथला काही मिलिमीटर जाडीचा तुकडा उडालेला असतो. त्याच सिलिंडरचा स्पार्क प्लग काढला तर पांढऱ्या भागावर वाळूसारखे बारीक चमकदार कण दिसतात. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. गाडी बहुतेक वेळा चालतच घरी आलेली असते. फक्त पिकअप थोडा कमी, ऑइलची पट्टी काढली की त्या नळीतून धूर, आणि दोन महिन्यांत ऑइल कमी. मालकाला वाटतं टर्बो बिघडला.

कंपनी तेच करते, मग आपण का नाही?

हा सगळ्यात रास्त आक्षेप आहे. टीएसआयही ९९९ सीसीचंच ना?

हो, पण कारखान्यात टर्बो इंजिन म्हणून जे घडतं ते आतून वेगळं असतं. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. ते उडताना आतली हवा थंड करतं, म्हणून नॉकिंग लांबतं. साध्या एमपीआयमध्ये पेट्रोल आधीच, हवेच्या नळीत सोडलं जातं, त्याला हा फायदा तेवढा मिळत नाही. टीएसआयचा इंटरकूलर पाण्याने थंड होणारा आहे आणि हवेच्या नळीतच बसवलेला आहे. टर्बो इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची धार मारायची सोय करतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त उष्णता सोसणाऱ्या धातूचे असतात, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वाढीव दाबाच्या हिशेबाने बनवतात. बाहेरून हे काही दिसत नाही.

कंपन्यांनीही हा धडा महागात शिकला आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बोच्या पहिल्या दोन प्रवासी गाड्या आल्या, दोन्ही जनरल मोटर्सच्या. शेव्हर्ले कोर्व्हेरमध्ये कॉम्प्रेशन मुद्दाम आठवर उतरवलं होतं. ती मांडणी काही वर्षं चालली. ओल्ड्समोबिल जेटफायरच्या ३.५ लिटर व्ही-८ इंजिनात मात्र कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलं आणि वर टर्बो बसवला. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण हवेत फवारायची वेगळी टाकी दिली. मालकांनी ती टाकी वेळेवर भरली नाही. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून ताकद कमी करायची, लोक वैतागायचे. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनावर टर्बो चढवणारा प्रत्येकजण आजही हाच प्रश्न सोडवायला बसतो, फक्त टाकीऐवजी त्याच्या समोर इंजिनाचं सेटिंग बदलायचा लॅपटॉप असतो.

डिझेलवाल्यांना हा त्रास नाही. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते, डिझेल शेवटच्या क्षणी सोडलं जातं, त्यामुळे आधीच भडकायला आत काही नसतं. म्हणून साध्या डिझेल जीपला टर्बो जोडून वर्षानुवर्षं चालवलेली दिसते. त्या अनुभवावरून पेट्रोलला हात घालू नये.

बूस्ट कमी ठेवला तर?

तर काम जमतं. ०.३ ते ०.४ बारपर्यंतचा बूस्ट, धडधाकट इंजिन, चांगला इंटरकूलर आणि इंजिनाचं सेटिंग जमवणारा जाणकार ट्यूनर असेल तर बरीच साधी पेट्रोल इंजिनं तो सोसतात. ताकद वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते आणि टॉर्क मधल्या आरपीएमला येतो. शहरात, घाटात हवा असतो तो तिथेच.

पण ‘टर्बो किट’ या दोन शब्दांत काय काय येतं ते बघा. टर्बोला जोडायचा नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. बूस्ट ठरावीक मर्यादेवर गेला की वायूला दुसरी वाट देणारा वेस्टगेट. मोठे इंजेक्टर, बहुतेकदा मोठा पेट्रोल पंप. क्लच, कारण जुनी क्लचप्लेट वाढलेल्या टॉर्कला घसरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. साध्या गाडीच्या ईसीयूला एक बारच्या वर दाब असतो हेच माहीत नसतं. त्याचा सेन्सर तिथे संपतो, त्याच्या तक्त्यातले आकडे तिथे संपतात. नुसता रीमॅप करून, म्हणजे आहेत त्याच तक्त्यांतले आकडे बदलून, भागत नाही. सेन्सर बदलून नवे तक्ते लिहावे लागतात किंवा स्वतंत्र ईसीयू बसवावा लागतो.

कामाची पारख करायला एक जागा सांगतो. टर्बोच्या पोटातून निघून ऑइल चेंबरकडे परत जाणारी नळी बघा. टर्बोत ऑइल दाबाने येतं, पण परत जाताना फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. ती नळी जाड हवी, सरळ उताराची हवी, मध्ये कुठे चढ किंवा पोट आलेलं नको. जागा नाही म्हणून टर्बो खाली टांगला आणि नळी आडवी नेली की ऑइल टर्बोत तुंबतं, सीलमधून गळतं आणि गाडी नव्या टर्बोवर निळा धूर ओकते. ज्याने ही नळी नीट बसवली आहे त्याने बाकीचं कामही बहुधा विचार करून केलेलं असतं.

त्यापेक्षा तयार टर्बो इंजिनच टाकलं तर?

इंजिनाच्या आरोग्याच्या दृष्टीने हा मार्ग जास्त पक्का. पिस्टन, इंजेक्शन, इंटरकूलर, ईसीयू सगळं एकमेकांसाठी बनलेलं असतं. पुढे थोडी जास्त ताकद हवी असेल तर कारखान्याच्या टर्बो इंजिनाला रीमॅपने बरीच जास्त ताकद मिळते, साध्या इंजिनाला त्याच रीमॅपने जेमतेम जाणवेल एवढी.

इथली अडचण टर्बोच्या उलटी आहे. टर्बो बसवलेली गाडी सुरू लगेच होते, दुखणं नंतर निघतं. इंजिन बदललेली गाडी सुरू व्हायलाच जीव काढते. नवं इंजिन जुन्या माउंटिंगवर बसेल का, ड्राइव्हशाफ्टची लांबी जुळेल का हे लोखंडाचे प्रश्न चांगला फिटर आठवड्यात सोडवतो. अडतं ते तारांवर. इंजिनाचा ईसीयू चावीच्या चिपशी आणि मीटरच्या पॅनेलशी सांकेतिक भाषेत बोलतो, त्याला इमोबिलायझर म्हणतात. ओळख पटली नाही तर गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद. एबीएस, एसी, पॉवर स्टीअरिंग हेही त्याच तारांवरून एकमेकांशी बोलतात. शिवाय टीएसआयचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, एमपीआयचा पाचचा. इंटरकूलरच्या पाण्याचा वेगळा फेरा असतो, त्याचा छोटा रेडिएटर आणि पंप लागतो. जास्त दाबाचा पेट्रोल पंप इंजिनावरच असतो, पण टाकीतला पंप त्याला पुरेसं पेट्रोल देणारा हवा.

म्हणून हे काम करणारे अनुभवी लोक नुसतं इंजिन कधी विकत घेत नाहीत. अपघातात मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत असलेली अख्खी गाडी घेतात आणि तिच्यातली तारांची पूर्ण गुंडाळी, ईसीयू, मीटर, चावी, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक सगळं उचलतात. एकाच घराण्यातलं इंजिन असेल तर हे जमायची शक्यता चांगली. भलत्याच कंपनीचं भलतंच इंजिन बसवायचं म्हणजे गाडी दोन वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात कव्हरखाली राहायची तयारी ठेवा.

जुन्या बाजारातून इंजिन घेताना, मग तो कुर्ल्याचा असो की गावातला भंगारवाला, त्याचा नंबर आणि मूळ गाडीचे कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली सापडलं तर खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचं दुसरं टाकलं तर हे तुलनेने सरळ होतं. वेगळ्या जातीचं असेल तर कार्यालयात जाऊन आधी विचारा, काम नंतर काढा. गॅरेजवाला ‘बघू पासिंगच्या वेळी’ म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका, कारण पासिंगला गाडी तुमच्या नावावर उभी असते.

टर्बोत इंजिन नंबर बदलत नाही, सीसी बदलत नाही, म्हणून लोक समजतात की नियम लागूच होत नाही. पण गाडीला प्रदूषणाचा दाखला मिळाला होता तो मूळ मांडणीला. पीयूसीच्या मशीनवर पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तपासतात, तेव्हा बूस्ट नसतोच, म्हणून ती पास होते. त्यावरून रस्त्यावर ती नियमात आहे असं ठरत नाही. आणि विमा. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर मोठ्या अपघातानंतर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं. गाडीत तुमच्याबरोबर घरचे बसतात, हे इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताकद वाढवून ब्रेक आणि टायर जुनेच ठेवणाऱ्यांना मी कधीच होकार देणार नाही.

मग निवडायचं काय?

रोज ऑफिसला जाणारी, कर्जावर असलेली, वॉरंटीतली गाडी असेल तर दोन्ही करू नका. ती चांगल्या किमतीला विका आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली जुनी गाडी घ्या. किट, ट्यूनिंग, क्लच, ब्रेक यांची बेरीज केली की दोन गाड्यांच्या किमतीतला फरक बहुतेक वेळा त्याहून कमी निघतो, आणि कागद स्वच्छ राहतात.

इंजिन आधीच गेलेलं असेल, ऑइल खातंय, बांधायला काढायचंच आहे, तर इंजिन बदलण्याचा विचार खरा करण्यासारखा आहे. कारण बांधणीचा खर्च तसाही होणारच होता. तेव्हा त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन, अख्ख्या गाडीसकट मिळालं आणि आरटीओने आधी हो म्हटलं, तर पुढे जा.

टर्बो बसवणं मी त्यांच्यासाठी ठेवीन ज्यांची ही दुसरी गाडी आहे, जी बंद ट्रॅकवर किंवा ऑफ-रोडला चालते, आणि ज्यांना बूस्ट ०.४ बारवर थांबवण्याचा संयम आहे. बहुतेक इंजिनं मरतात ती पहिल्या ट्यूनिंगला नाही. सहा महिन्यांनी ‘अजून थोडा वाढवू’ म्हटल्यावर मरतात.

यातलं काहीही ठरवायच्या आधी गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन गरम करायचं, सगळे स्पार्क प्लग काढायचे, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवायचं, प्लगच्या जागी गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुठलंही बरं गॅरेज ते करतं. सगळे आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर टर्बोवर बोलता येईल. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर थोडं ऑइल आत टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी त्या इंजिनावर टर्बो चढवायचा विषय तिथेच बंद करा.